चढ टाळणारा कर्नल : जॉन पिट केनेडी

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यालगत चर्चगेटहून विरारकडे आणि तेथून पुढे सुरत, बडोदा, अहमदाबादकडे जाणारा लोहमार्ग ज्या कंपनीने बांधला, ती 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' मराठी माणसांच्या तोंडी पुष्कळ वर्षे 'बीबीसीआय' याच नावाने राहिली. या कंपनीची कल्पना मांडणारा, तिच्यासाठी लंडनमध्ये भांडवलदार उभे करणारा आणि व्यवस्थापकीय संचालक या नात्याने तिची बांधणी व कारभार पंचवीसहून अधिक वर्षे पाहणारा लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी मात्र मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे. भारतीय रेल्वेचा आरंभ म्हटला की 1853 ची ठाण्याची गाडी आठवते, पुढे भोर आणि थळ घाटांतील बोगदे आठवतात. त्या घाटांना सुरुवातीपासून विरोध करणाऱ्या आणि पर्यायी मार्ग सुचवून त्याचा काही भाग प्रत्यक्षात आणणाऱ्या या आयरिश अभियंत्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सैनिक, शाळा काढणारा, जमिनीचा कारभारी, दुष्काळ समितीचा चिटणीस, पहाडी रस्त्यांचा बांधकामदार, रेल्वे कंपनीचा सूत्रधार आणि या प्रत्येक विषयावर लिहिणारा लेखक अशी त्याची अनेक रूपे आहेत. त्या सर्वांतून एकच विचार वाहतो, आणि तो म्हणजे आरंभी मोजणीवर, आखणीवर आणि माणसांच्या शिक्षणावर केलेला खर्च पुढच्या पिढ्यांचा भार कायमचा हलका करतो.

केनेडीचा जन्म 1796 मध्ये आयर्लंडच्या उत्तर टोकाला, डॉनेगॉल परगण्यात झाला. वडील तेथील कार्नडोना या गावी धर्मोपदेशक होते. मोठ्या कुटुंबातील त्याच्या भावांपैकी इव्हरी केनेडी डब्लिनमधील नामांकित प्रसूतितज्ज्ञ झाला, तर ट्रिस्ट्राम केनेडी कायद्याच्या शिक्षणातील सुधारणांसाठी ओळखला गेला आणि पुढे पार्लमेंटवर निवडून आला. जॉनने डेरी शहरातील फॉइल कॉलेजमध्ये आणि नंतर वुलिच येथील लष्करी अकादमीत शिक्षण घेऊन 1815 मध्ये 'रॉयल इंजिनिअर्स' या दलात प्रवेश केला. हे ब्रिटिश लष्कराचे अभियंता दल होते. किल्ले, पूल, रस्ते, नकाशे आणि बंदरे ही त्याची कामे असल्याने, ज्या काळात स्थापत्यशास्त्राची विद्यापीठे फारशी नव्हती त्या काळात या दलाच्या अधिकाऱ्यांना नागरी बांधकामांतही मोठी मागणी असे. वॉटर्लूची लढाई त्याच वर्षी संपली होती आणि युरोपात दीर्घ शांतता सुरू होत होती. त्यामुळे केनेडीच्या तरुणपणी त्याच्या हाती तलवारीपेक्षा मोजणीची साखळीच अधिक राहिली.

1819 मध्ये त्याची नेमणूक भूमध्य समुद्रात माल्टा आणि नंतर कॉर्फू येथे झाली. ग्रीसच्या पश्चिमेकडील आयोनियन बेटे 1815 पासून ब्रिटनच्या संरक्षणाखाली होती. त्यांपैकी सांता माउरा बेटावर कालव्याच्या कामाची देखरेख केल्यानंतर केनेडी सेफलोनिया बेटावर गेला, आणि तेथे त्याच्या आयुष्याला वळण देणारी ओळख झाली. 1822 मध्ये चार्ल्स जेम्स नेपिअर त्या बेटाचा प्रशासक म्हणून आला. पुढे 1843 मध्ये सिंध जिंकून घेणारा तो हाच नेपिअर. नेपिअर तापट, हट्टी आणि वरिष्ठांशी सतत भांडणारा होता, परंतु सार्वजनिक बांधकामांचे त्याला वेड होते आणि त्या वेडाला शास्त्राची जोड देणारा माणूस त्याला केनेडीत सापडला. डोंगराळ सेफलोनियात एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात माल नेण्यासाठी खेचरांखेरीज साधन नव्हते. या दोघांनी मिळून गाडी जाईल असे वळणावळणाचे रस्ते डोंगर चढवून नेले, धक्के बांधले, दीपगृहे उभारली. अर्गोस्टोलीजवळचे सेंट थिओडोर दीपगृह याच काळातील असून, 1953 च्या भूकंपात पडल्यानंतर ते पुन्हा बांधण्यात आले आणि आजही प्रवासी ते पाहायला जातात. या रस्त्यांसाठी बेटावरील शेतकऱ्यांकडून सक्तीने काम करून घेतले जाई, ही गोष्टही येथेच नोंदवली पाहिजे. कारण रस्त्याने शेतकऱ्याचे भले होते हा केनेडीचा विश्वास आणि रस्ता बांधताना त्याच शेतकऱ्यावर होणारी जबरदस्ती, ही विसंगती पुढे हिमालयातही त्याच्या कामाच्या पाठीशी लागली.

1830 च्या दशकाच्या आरंभी केनेडीने लष्करी सेवा सोडली आणि आयर्लंडमध्ये जमीनदारीचा कारभार हाती घेतला. तेव्हाच्या आयर्लंडमध्ये 'इस्टेट एजंट' म्हणजे जमीनदाराच्या वतीने कुळांकडून खंड वसूल करणारा, कुळे ठेवणारा आणि काढणारा कारभारी. पुष्कळसे जमीनदार इंग्लंडमध्ये राहत, त्यामुळे प्रत्यक्ष सत्ता एजंटच्या हाती असे आणि त्याचे नाव सहसा शिव्याशापांबरोबरच निघे. केनेडीने हे पद निराळ्या रीतीने वापरले. टायरोन परगण्यातील लॉफ ॲश येथे त्याने शाळा काढली आणि तिला जोडून शेत ठेवले, जेणेकरून मुलांनी सकाळी अक्षरे गिरवावीत आणि दुपारी पिकांची फेरपालट, गोठ्यात बांधून जनावरे पोसण्याची पद्धत, खत साठवण्याची रीत शिकावी. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे बटाटा घेणाऱ्या कुळाला सलगम, क्लोव्हरसारखी पिके आळीपाळीने घ्यायला शिकवले तर लहान शेतावरही कुटुंब पोसले जाईल, हा त्यामागचा हिशेब होता. तो पूर्णपणे केनेडीचा स्वतःचा नव्हता. आर्मा परगण्यातील विल्यम ब्लॅकर या एजंटने हीच दिशा आधी दाखवली होती. शाळा आणि शेत यांची सांगड घालून तिचे राष्ट्रीय योजनेत रूपांतर करण्याचा आग्रह मात्र केनेडीचा.

या अनुभवातून 1835 मध्ये त्याचे सर्वांत गाजलेले पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. 'शिकवा, काम द्या, फाशी देऊ नका' अशा अर्थाच्या त्याच्या शीर्षकाला, सैनिकांवाचून शांत आणि इंग्रजी भांडवलावाचून संपन्न होऊ शकणारा आयर्लंड, या आशयाचे लांबलचक उपशीर्षक होते. एकोणिसाव्या शतकातील एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्या सरकारला इतक्या सरळ शब्दांत सुनवावे, हे आजही विलक्षण वाटते. त्या काळी आयर्लंडमधील जमिनीच्या तंट्यांतून होणारे खून आणि जाळपोळ यांवर लंडनकडे एकच उत्तर होते, ते म्हणजे आणखी फौज आणि आणखी कडक कायदा. ज्या शेतकऱ्याला जमिनीची शाश्वती नाही, वर्षातील कित्येक महिने काम नाही आणि शेतीचे ज्ञान देणारे कोणी नाही, त्याचे हिंसेकडे वळणे हा वंशाचा दोष नसून व्यवस्थेचा परिणाम आहे, असा या पुस्तकाचा रोख आहे. केनेडी क्रांतिकारक नव्हता. जमीनदारी मोडावी असे त्याने कधी म्हटले नाही आणि इंग्रजी सत्तेच्या वैधतेवरही त्याला शंका नव्हती. तरीही उपाशी माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या पोटात शोधणारा हा लेखक समकालीन अधिकाऱ्यांत उठून दिसतो.

पुस्तकाचा परिणाम म्हणून 1837 मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय शिक्षण मंडळाने त्याला महानिरीक्षक नेमले. देशभर आदर्श शेते आणि त्यांना जोडलेल्या शाळा उभारण्याची योजना त्याने आखली आणि डब्लिनजवळ ग्लासनेव्हिन येथे तसे पहिले मोठे केंद्र सुरू झाले. पुढे त्यातून कृषी महाविद्यालय वाढले. योजनेचा वेग आणि पसारा याबाबत मंडळ त्याच्याइतके उत्साही नव्हते. 1839 मध्ये तो पदावरून दूर झाला.

1843 मध्ये ब्रिटिश सरकारने आयर्लंडमधील जमीनधारणेची चौकशी करण्यासाठी अर्ल ऑफ डेव्हन याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि केनेडी त्याचा सचिव झाला. जमीनदार, एजंट, कुळे, धर्मगुरू अशा हजाराहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या गावोगावी फिरून नोंदवण्यात आल्या. या जबान्यांचे जाडजूड खंड कोणी वाचणार नाही हे ओळखून केनेडीने 1847-48 मध्ये त्यांचा विषयवार सारग्रंथ दोन भागांत सिद्ध केला आणि प्रत्येक विषयावर स्वतःचे भाष्य जोडले. सुमारे 37 लाख एकर पडीक जमीन सुधारण्याजोगी आहे, ती लागवडीखाली आणली तर भूमिहीनांना आपल्याच देशात जागा मिळेल, आणि कुळाने जमिनीत केलेल्या सुधारणांची भरपाई त्याला मिळालीच पाहिजे, हे मुद्दे या ग्रंथात आकड्यांनिशी येतात. एकोणिसाव्या शतकातील आयरिश खेड्याचा अभ्यास करणाऱ्याला हा ग्रंथ आजही टाळता येत नाही, आणि लेखक म्हणून केनेडीचे सर्वांत टिकाऊ काम हेच आहे.

आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 1845 मध्ये आला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये नेमलेल्या मदत समितीचे सचिवपद केनेडीकडेच आले. स्थानिक समित्या उभारणे, रस्त्यांची आणि निचऱ्याची कामे काढणे, अमेरिकेहून आणलेला मका वाटणे अशी पहिल्या वर्षाची व्यवस्था या समितीने पाहिली. 1846 मध्ये सरकार बदलले, समिती गुंडाळली गेली आणि त्यानंतरची धोरणे अधिक कठोर झाली; दुष्काळ संपेपर्यंत सुमारे दहा लाख माणसे दगावली होती. दहा वर्षांपूर्वी ज्याने एकाच पिकावरच्या अवलंबनाचा धोका ओळखून शाळाशाळांतून पर्याय शिकवण्याची योजना मांडली, त्याच्याच वाट्याला त्या योजनेच्या उपेक्षेचे परिणाम मोजण्याचे काम यावे, हा या चरित्रातील सर्वांत दुःखद भाग आहे.

याच सुमारास हिंदुस्थानात शिखांबरोबरच्या दुसऱ्या युद्धात, जानेवारी 1849 मधील चिलियनवालाच्या लढाईत, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची मोठी हानी झाली. तेव्हा लंडनने नेपिअरला हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून घाईघाईने पाठवले आणि त्याने लष्करी सचिव म्हणून आपल्या जुन्या सहकाऱ्याला सोबत घेतले. केनेडी तेव्हा बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होता. 1850 च्या आरंभी कोहाट खिंडीतील आफ्रिदींविरुद्धच्या मोहिमेत तो नेपिअरबरोबर होता, परंतु त्याचे लक्षात राहणारे काम सिमल्याच्या डोंगरांत झाले. सपाटीवरील कालका येथून सिमल्यापर्यंत आणि पुढे सतलज खोऱ्यातून तिबेटच्या सीमेकडे जाणारा 'हिंदुस्थान-तिबेट रस्ता' त्याने आखला. तोवर सिमल्याला जाणारे सगळे सामान पहाडी लोकांच्या पाठीवरून जाई आणि तेही बहुधा बेगारीने. सौम्य चढाचा रस्ता झाल्यास गाड्या धावतील, बेगार थांबेल आणि तिबेटशी व्यापार वाढेल, असे गव्हर्नर जनरल डलहौसीने या खर्चाचे समर्थन केले होते. बेगार थांबवण्यासाठी निघालेला हा रस्ता बांधायलाही पहाडी गावांतून सक्तीनेच मजूर आणले गेले. सिमल्यातील पहिले पक्के घर बांधणारा कॅप्टन चार्ल्स प्रॅट केनेडी हा वेगळा गृहस्थ होय; दोघांचे आडनाव आणि गाव एकच असल्याने वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव असतो.

डलहौसीशी खटके उडून नेपिअर सरसेनापतिपद सोडून गेला, तरी केनेडीची हुशारी डलहौसीने ओळखली होती. त्याने केनेडीला भारत सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार अभियंता केले. हे पद समजण्यासाठी 'हमी पद्धत' समजून घ्यावी लागते. इंग्लंडमधील खासगी कंपन्यांनी भांडवल उभारून हिंदुस्थानात रेल्वे बांधावी, सरकारने त्यांना 99 वर्षांसाठी जमीन फुकट द्यावी आणि नफा होवो अथवा न होवो, भांडवलावर साधारण 5 टक्के व्याजाची हमी द्यावी, अशी ही व्यवस्था होती. व्याज कमी पडले की ते हिंदी करदात्याच्या पैशातून भरले जाई. कंपनीला उधळपट्टीपासून रोखणारा माणूस म्हणून सरकारतर्फे हा सल्लागार अभियंता असे आणि प्रत्येक नकाशा, प्रत्येक अंदाजपत्रक त्याच्या नजरेखालून जाई.

याआधीच, 1849 मध्ये, केनेडीने कलकत्त्यात रेल्वेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. इंग्लंडमधील खर्चीक पद्धतीची रेल्वे गरीब मुलखाला पेलणार नाही, त्यासाठी कायदा आणि बांधकामाची रीत दोन्ही बदलली पाहिजेत, हे तिचे प्रतिपादन होते. सल्लागार म्हणून लिहिलेल्या टिपणांत त्याने हाच धागा पुढे नेला आणि सर्वाधिक भर दिला तो 'नियामक चढा'वर. एखाद्या मार्गावरील ज्या सर्वांत कठीण चढामुळे इंजिन किती डबे ओढू शकेल हे ठरते, तो त्या मार्गाचा नियामक चढ. सपाट रुळांवर सावकाश चालणारा एक टन भार ओढायला दहा पौंडांच्या आसपास जोर पुरतो. 37 फुटांमागे एक फूट चढणाऱ्या मार्गावर त्याच एका टनासाठी आणखी 60 पौंड जोर लागतो. म्हणजे सपाटीवर आलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी तोडून तुकड्यातुकड्यांनी वर न्यावी लागते किंवा जादा इंजिने जोडावी लागतात, आणि हा खर्च बांधणीच्या वेळी एकदाच होत नाही, तर रेल्वे चालू असेपर्यंत रोज होत राहतो.

37 मध्ये 1 हाच आकडा ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे 'जीआयपी', कंपनीच्या भोर आणि थळ या दोन्ही घाटांचा होता. केनेडीचा त्याला विरोध होता. सह्याद्रीची भिंत समोरून चढण्याऐवजी किनाऱ्याने उत्तरेस सुरतेपर्यंत जावे, तेथून तापीच्या खोऱ्याने खानदेशात शिरावे आणि दुसरी शाखा बडोद्यावरून माळव्याकडे व आग्र्याकडे न्यावी, म्हणजे कापसाचा मुलूख मुंबईला जवळजवळ सपाट मार्गाने जोडला जाईल, अशी त्याची योजना होती. तापी नदीने लाखो वर्षे खपून कापलेली वाट माणसाने वापरावी, हा विचार नकाशा उघडताच पटतो. तथापि पुणे आणि दख्खनशी मुंबईला जोडायचे तर घाट चढण्याला पर्याय नव्हता, हेही तितकेच खरे, आणि केनेडीच्या योजनेत दख्खनच्या पठाराला समाधानकारक उत्तर नव्हते. सरकारने घाटांचा मार्ग मान्य केला. भोर घाट 1863 मध्ये आणि थळ घाट 1865 मध्ये खुला झाला; एकट्या भोर घाटात 25 बोगदे खोदावे लागले, कामाच्या ऐन भरात 40 हजारांवर मजूर तेथे राबत होते आणि पटकी, ताप व अपघात यांनी त्यांतले हजारो मेले.

प्रकृती बिघडल्याने केनेडी इंग्लंडला परतला आणि 1853 पासून त्याने आपला आराखडा कंपनीच्या रूपाने पुढे रेटला. कालपर्यंत कंपन्यांवर सरकारी लगाम ठेवणारा अधिकारी आता स्वतः कंपनीचा कारभारी झाला, हे आजच्या दृष्टीने खटकण्याजोगे आहे; त्या काळी मात्र त्याला कोणताही नियम आड येत नव्हता. 1855 मध्ये कंपनी कायद्याने स्थापन झाली. जीआयपीच्या हितसंबंधांमुळे मुंबईत शिरण्याची परवानगी तिला लगेच मिळाली नाही आणि पहिला करार केवळ सुरतेपासून अहमदाबादपर्यंतचा झाला. त्यामुळे मुंबईचे नाव धारण करणाऱ्या या कंपनीचे काम गुजरातेत सुरू झाले, तिची कचेरी सुरतेला राहिली, आणि उत्राण ते अंकलेश्वर हा 29 मैलांचा पहिला टप्पा 10 फेब्रुवारी 1860 रोजी खुला झाला. मुंबईपर्यंतच्या विस्ताराला 1859 मध्ये मंजुरी मिळाली होती. 1861 मध्ये बडोदा, 1863 मध्ये अहमदाबाद आणि 28 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईचे ग्रँट रोड स्थानक जोडले गेले.

चढ टाळल्याची किंमत केनेडीला पाण्यात मोजावी लागली. किनाऱ्याचा मार्ग सपाट असला तरी तापी, नर्मदा, मही या नद्या आणि वसईची रुंद खाडी त्याला आडव्या येतात. येथे केनेडीतील लष्करी अभियंता जागा झाला. प्रत्येक पुलासाठी वेगळा आराखडा करण्याऐवजी त्याने सगळ्या मार्गासाठी 60 फुटांच्या गाळ्याचा एकच नमुना ठरवला. वर त्रिकोणांच्या रांगेसारखी रचना असलेली लोखंडी 'वॉरन' तुळई आणि खाली 'स्क्रू पाइल', म्हणजे टोकाला रुंद पाते बसवलेला, बैलांच्या किंवा माणसांच्या बळावर फिरवत चिखलात उतरवायचा बिडाचा खांब. सगळे भाग इंग्लंडमध्ये एकाच साच्यातून ओतून बोटीने आणायचे आणि जागेवर जुळवायचे. एखादा भाग मोडला तर दुसऱ्या कोणत्याही पुलाचा भाग तेथे बसावा. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सुट्या भागांच्या प्रमाणीकरणाचा हा प्रयोग त्या काळाच्या पुढचा होता आणि वसईच्या खाडीवर तो यशस्वी झाला.

नर्मदेने मात्र त्याला दाद दिली नाही. भडोचजवळ 1860 च्या अखेरीस सुरू झालेल्या पुलाचे 60-60 फुटांवरचे खांब पुराच्या लोंढ्याला अडथळाच ठरले. वाहून आलेली झाडे त्यांत अडकत, तळाची वाळू खरवडली जाई आणि पुलाचे गाळे पुन्हा पुन्हा वाहून जात. दीड दशक दुरुस्त्यांवर पैसा ओतल्यानंतर कंपनीने नवा पूल बांधायला घेतला. लोक ज्याला 'गोल्डन ब्रिज' म्हणतात तो हा पूल 1881 मध्ये खुला झाला. एकच नमुना सर्वत्र चालवण्याच्या हट्टामुळे नर्मदेसारख्या नदीचा स्वभाव केनेडीने कमी लेखला, असा निष्कर्ष टाळता येत नाही; ज्याने आयुष्यभर आधी नीट मोजा असे सांगितले, त्याच्या हातून पुराची मोजणीच अपुरी राहिली.

मुंबईला या मार्गाने जे दिले ते मात्र कंपनीच्या ताळेबंदात मावणारे नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, परंतु रेल्वे मुंबईत पोहोचली आणि काही महिन्यांत, 1865 मध्ये, ते युद्ध संपून तेजी कोसळली. याच तेजीत बॅकबेचा समुद्र भरून जमीन करायला निघालेली कंपनी बुडाली, आणि त्या भरावाचा उपयोग पुढे बीबीसीआयच्या रुळांना झाला. 12 एप्रिल 1867 रोजी विरार आणि बॅकबे यांच्या दरम्यान रोज एक गाडी जायला आणि एक यायला सुरू झाली. वसई, पाणजू, बोरिवली, पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव, अंधेरी, वांद्रे, माहीम, दादर असे थांबे घेणाऱ्या त्या गाडीतून पश्चिम उपनगरांची लोकल वाहतूक वाढत गेली. कापसाच्या गासड्यांसाठी आखलेल्या मार्गाचे खरे उतारू नोकरदार आणि कामगार ठरले, आणि सपाट, सरळ आखणीचा सर्वांत मोठा लाभ त्यांनाच झाला.

केनेडी हा कारभार लंडनमधून पाहत राहिला आणि 28 जून 1879 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, तेथेच वारला. गोल्डन ब्रिज त्याने पाहिला नाही. तापी खोऱ्यातून सुरतेला खानदेशशी जोडणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी बांधला गेला. आजही उधन्याहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला जाणारी गाडी साधारण त्याच वाटेने जाते, जी केनेडीने जवळपास अर्धशतक आधी सुचवली होती.